ओल्या वातीचा थर्मामीटर

पाऊस लागून हवा उतरली की प्लांटमधून फोन सुरू होतात : "सर, कूलिंगचं पाणी गरम येतंय." विदर्भातल्या एका रासायनिक कारखान्यात युटिलिटी सांभाळताना दर जुलैत मी हे ऐकत आलो. बाहेर हवा ३० अंश, बेसिनमधलं पाणी ३२. मे महिन्यात पारा ४४ वर असताना मात्र हेच पाणी ३० च्या आसपास मिळत होतं. नव्या ऑपरेटरला वाटतं, गेज बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं.

त्याला मी दोन थर्मामीटर घेऊन कूलिंग टॉवरपाशी नेतो. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओली वात. मेच्या कोरड्या हवेत ओल्या वातीचा पारा २४ पर्यंत उतरतो, जुलैत २८ वर अडतो. टॉवरचं पाणी त्या पाऱ्याच्या मागे जातं. त्याच्या खाली उतरत नाही, मग पंखे कितीही वाढवा. मेमध्ये खोली गार करणारा घरचा कूलर जुलैत नुसता दमटपणा का वाढवतो, हे नागपूर-चंद्रपूरकडच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. टॉवरचंही तसंच.

टॉवरमध्ये पाणी फिलच्या प्लास्टिक पत्र्यांवरून पातळ थराने उतरतं, खालून हवा चढते. पाण्यातली उष्णता दोन वाटांनी निघते : हवेच्या नुसत्या स्पर्शाने आणि वाफ होऊन. मे महिन्यात पहिली वाट चक्क उलटी वाहते. हवाच पाण्याहून तापलेली, त्यामुळे ती पाण्याला उष्णता देते! तरी पाणी गार होतं, कारण एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. शंभर लिटरमधलं एक लिटर उडालं की उरलेलं जवळपास सहा अंशांनी उतरतं. जर्मनीच्या फ्रीडरिश मेर्केल यांनी १९२५ साली या दोन्ही वाटा एन्थाल्पीच्या, म्हणजे हवा आणि तिच्यातली वाफ यांच्या एकूण उष्णतेच्या, एकाच हिशेबात बसवल्या. टॉवरचं गणित आजही त्यावर चालतं. मला ते फार देखणं वाटतं.

भर मेमध्ये दुपारी टॉवरवरच्या पंख्याच्या डेकवर चढलं की हे वाफेचं गार करणं अंगाला कळतं. वर फेकली जाणारी ओली हवा ३५-३६ अंशांची, भोवतालच्या झळीपेक्षा गार. आणि साऱ्या प्लांटची उष्णता तीच घेऊन निघालेली.

या गारव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, तीही नेमकी टंचाईत. ताशी हजार घनमीटर पाणी फिरवणाऱ्या टॉवरमधून मेमध्ये तासाला वीसेक हजार लिटर उडून जातं, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. ते साचतात, म्हणून थोडं पाणी ब्लोडाउनमध्ये सोडावं लागतं. क्षार मूळच्या तिप्पट होऊ दिले तर तासाला दहा हजार लिटर सोडावं लागतं, पाचपट होऊ दिले तर पाच हजार. उडणारं पाणी वाचवता येत नाही, सोडलं जाणारं येतं. म्हणून भरपाईचं, म्हणजे मेकअपचं, पाणी सॉफ्टनरमधून घ्यावं, क्षारांचा थर (स्केल) धरू नये इतका रसायनाचा डोस ठेवावा, आणि ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह अंदाजाने न उघडता टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पाहूनच उघडावा, यावर मी अडून बसतो. उन्हाळ्यात तर रोज.