नाल कोण घेतं?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं आहे, हे आधीच कबूल करतो. ‘एकोणसत्तर’ म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन, याचा अजून गोंधळ होतो. पण हा हिशोब मराठीतच द्यायचा आहे. कारण ज्या शब्दाने तो सुटला, तो मला आमच्या आजीनं शिकवला.

मी बोरी अरबचा. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीकाठचं गाव. घरी कापूस आणि तूर. बाबांनी मला एसटीनं यवतमाळच्या कॉन्व्हेंटला धाडलं आणि तिथून मी या हॉस्टेलात येऊन पडलो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि मोबाईलवरचं पैशांचं पोकर, रमी बंद झालं. आमच्या विंगमधले पाच-सहा ‘खेळाडू’ एकदम बेरोजगार झाले! मग फायनल इयरच्या एका सीनियरनं (आम्ही त्याला प्रोफेसर म्हणतो) खऱ्या पत्त्यांचा क्लब काढला. मेंबर चौदा. पैसे नाहीत, काड्यापेटीतल्या काड्या.

खरं सांगतो मित्रांनो, ते दिवस मस्त होते. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडे पडतात. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यांत दोन एक्क्यांच्या फक्त ६. म्हणजे २२१ वेळा पत्ते वाटले तर सरासरी एकदा एक्क्यांची जोडी. जे प्रोबॅबिलिटी वर्गात डोक्यावरून गेलं, ते काड्यांवर समजलं. आयआयएम कोझिकोडमध्ये तर पोकरवर कोर्सच निघाला होता म्हणे प्रोफेसर, आणि ते खरं होतं.

मग कल्पना निघाली: आपल्यातला बेस्ट प्लेयर गोव्याच्या कॅसिनोतल्या टूर्नामेंटला पाठवायचा. प्रत्येकी १,५०० रुपये, एकूण २१,०००. बक्षीस मिळालं तर चौदा भाग. पाठवायचं अर्थातच प्रोफेसरला. खजिनदार मी, कारण ‘कॉन्व्हेंटवाला आहे, खोटं बोलत नाही’. फर्स्ट इयरच्या एका पोरानं मेसचे पैसे दिले. मीही मेसचेच दिले. बाबांनी कापूस विकून पाठवलेले. रात्री बाबांचा फोन आला, “मेस भरली का रे?” मी म्हटलं, “हो बाबा.” झालं! कॉन्व्हेंटवाल्याची कीर्ती तिथेच संपली.

कुणी शंका काढली की आम्ही कायदा सांगायचो. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय. पोकरबद्दल कोर्टांचं एकमत नाही, गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं, पण ते आम्ही हळू आवाजात सांगायचो. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा झाला, तो कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून गोवा.

डिसेंबरात आम्ही दोघं निघालो. गाड्या बदलत मडगाव, तिथून पणजी. मांडवी नदीत कॅसिनोंच्या बोटी उभ्या असतात, काठावरून छोट्या होडीनं तिकडे नेतात. प्रोफेसरला आत घेतलं. मला नाही. एकवीस पूर्ण लागतात, मी वीसचा. खजिनदार काठावर!

दुपारपासून रात्री साडेदहापर्यंत मी नदीकाठी बसलो होतो. समोर दिवे लागले, गाणी सुरू झाली. एक-एक होडी परत यायची आणि उतरणाऱ्यांचे चेहरे मी वाचायचो. फार कमी जण हसत होते. शेवटी प्रोफेसर उतरला. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी होती, समोरच्याकडे अठ्ठ्यांची. त्यानं सगळ्या चिप्स लावल्या, बरोबरच लावल्या. अशा वेळी एक्के साधारण पाचांतून चारदा जिंकतात. ही पाचवी वेळ होती. शेवटचा पत्ता अठ्ठी!

येताना तो एवढंच म्हणाला, “आपण अनलकी ठरलो. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्राय करू. दोन-दोन हजार काढायला सांग.” मलाही ते पटलं होतं. हो, पटलं होतं.

संक्रांतीला घरी गेलो. बाबांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आजीला सांगितलं. ती तीळ निवडत होती. तिनं पत्ते विचारले नाहीत, नशीब विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “नाल कोन घेत होतं?”

“नाल? घोड्याची?”

“घोड्याची नाही रे बावा, पत्त्यातली. जागा ज्याची, कंदील ज्याचा, तो दर डावातून आपला हिस्सा काढून घेते. त्याले नाल म्हनते.”

मग तिनं जे सांगितलं ते घरात मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे पोळ्याला जुगाराचे फड बसतात, हे विदर्भातल्यांना सांगायला नको. एका पोळ्याला आबाजी असेच बसले. आदल्या संध्याकाळी ज्या बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले होते, ती जोडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गोठ्यात गेली. “हारला तो रडला,” आजी म्हणाली, “जितला त्यानं उडवलं. माडी मात्र नालवाल्यानं बांधली.”

माझ्या पाकिटात एंट्रीची पावती होती. १३,५०० बक्षिसाच्या रकमेत, १,५०० फी. परीक्षेच्या फीसारखी ती मी वाचूनही वाचली नव्हती. तीच नाल! शंभर खेळाडू धरा: साडेतेरा लाख आपसांत फिरतात, दीड लाख एकही पत्ता न खेळता बोटीला.

मग वहीवर गणित मांडलं. सरासरी खेळाडूला सरासरी १३,५०० परत मिळणार. आमचा खर्च प्रवासासकट २१,०००. म्हणजे नुसती बरोबरी साधायला प्रोफेसर त्या हॉलमधल्या सरासरी खेळाडूच्या दीडपटीहून जास्त कमावणारा हवा. आणि त्याची लायकी आम्ही ठरवली होती कशावरून? हॉस्टेलच्या तेरा पोरांच्या काड्या जिंकल्या यावरून! कौशल्य खरं, पण किती, हे आम्ही कधी मोजलंच नाही.

सुप्रीम कोर्टाचा तो निकालही मग नीट वाचला. क्लबचा मालक अशा पैशांच्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असंही त्यातच लिहिलंय. अर्धा निकाल आम्ही मिरवत होतो, उरलेला अर्धा आजीला न वाचता ठाऊक होता.

बाबांना त्याच रात्री सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढच्या वेळी आधी सांगजो.” ओरडले असते तर बरं झालं असतं.

हॉस्टेलला परतल्यावर क्लबच्या भिंतीवर ते गणित चिकटवलं. प्रोफेसरनं दोनदा तपासलं, चूक सापडली नाही, आणि दुसऱ्या ट्रिपचा विषय त्यानंच सोडून दिला. फर्स्ट इयरच्या पोराचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले. क्लब अजून दर शनिवारी भरतो. खेळ संपला की काड्या मोजून डबीत परत जातात, एकही कमी होत नाही.

तर मेंबरांनो, राहिलेला हिशोब: जमा २१,०००. एंट्री १५,०००. प्रवास, राहणं, जेवण ६,०००. शिल्लक शून्य.

चू. भू. द्या. घ्या.