रुळांचा फांटा

मध्यंतरीं चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराजवळ, पॅसाडेना येथें, चार महिने राहून आलों. तेथील वैभवाचें वर्णन करण्याचा आमचा विचार नाहीं. तें वाचकांच्या घरोघरच्या मुलांनीं फोनवरून पुष्कळ केलेलें असेल. सांगावयाची आहे ती एक चूक, आणि ती ज्या रुळांवर घडली ते रूळ.

त्या शहरांत मोटार न चालवतां येणारा मनुष्य पांगळाच. आम्हांस आधार लाइट रेलचा. तिला ट्रामची लेक म्हणावें. तिच्या मार्गांस ‘ए’ व ‘ई’ अशीं नांवें आहेत. शहराच्या मध्यभागीं सातव्या रस्त्याखालच्या स्थानकांत दोन्ही गाड्या एकाच फलाटास लागतात, आणि पुढें लिटल टोकियोपर्यंत एकाच रुळांवरून जातात. तेथून रूळ फुटतात. ‘ए’ उत्तरेस पॅसाडेनाकडे वळते, ‘ई’ पूर्वेस. व्याकरणांत ईचा गुण केला कीं ए होतो. आमच्या अंगीं त्या दिवशीं तो गुण नव्हता. फलाट ओळखीचा, गाडीचें रूप तेंच, म्हणून आम्ही निर्धास्तपणें ‘ई’मध्यें बसलों.

बोगद्यांतून वर येतांच मंडळींनीं खिडकींतून पाहिलें व म्हटलें, “अहो, हा आपला रस्ता नव्हे.” आम्हीं शिक्षकी आवाजांत त्यांस धीर दिला. अटलांटिक नांवाच्या स्थानकावर गाडी रिकामी झाली. पुढें रूळच नव्हते.

आतां त्याच गाडीनें मागें येऊन लिटल टोकियोस ती बदलतां आली असती, हें आम्हांस आज समजतें. त्या वेळीं मंडळींचे गुडघे दुखत होते आणि आमचा चेहरा उतरला होता. चिरंजिवास फोन केला. “तेथेंच थांबा,” एवढेंच तो म्हणाला, आणि तासाभरांत कचेरी टाकून आला. मोटारींत तो एक शब्दही बोलला नाहीं.

रात्रीं जेवणानंतर मात्र तो कागद व पेन्सिल घेऊन बसला. लहानपणीं त्याची चूक झाली म्हणजे आम्हीही असेच बसत असूं. त्यानें शहराचा नकाशा काढला. त्या शहरानें १९६३ सालीं आपल्या शेवटच्या ट्रामा बंद केल्या. मुंबईनें १९६४ सालीं. पुढें १९९० सालीं लाँग बीचची लाइट रेल सुरू झाली व १९९१ सालीं ती सातव्या रस्त्याखालीं येऊन थांबली. पॅसाडेनाचा मार्ग २००३ सालीं झाला, पण तो यूनियन स्टेशनास संपे. मधलें अंतर थोडें, परंतु तेवढ्यासाठीं दोनदां गाडी बदलावी लागे. दोन्ही टोकें जोडणारा सुमारे तीन किलोमीटरांचा नवा मार्ग, बहुतेक भुयारी, १६ जून २०२३ रोजीं खुला झाला. म्हणजे सातव्या रस्त्यापुढें वाट निघावयास बत्तीस वर्षें लागलीं. सप्टेंबर २०२५ पासून ‘ए’ गाडी लाँग बीचहून थेट पोमोनापर्यंत, सुमारे ९२ किलोमीटर, जाते; लाइट रेलचा इतका लांब मार्ग जगांत दुसरा नाहीं म्हणतात. आम्ही जेथें अडकलों त्या अटलांटिकपासूनही व्हिटियरकडे रूळ नेण्याची योजना आहे.

आमचें मत विचाराल तर या मांडणींत एक दोष आहे. दक्षिणेकडे फ्लॉवर व वॉशिंग्टन या रस्त्यांच्या चौकांत दोन्ही मार्ग मोटारींच्या गर्दींत, रस्त्याच्या पातळीवरच एकमेकांस मिळतात. तेथें एक गाडी खोळंबली कीं दोन्ही मार्गांच्या प्रवाशांस भोगावें लागतें. टोकें लांबवीत नेणारांनीं मधल्या या दोन रुळांचा हिशेब आधीं मांडावयास हवा होता. चिरंजिवानें हें मान्य केलें, आणि त्याच शहरांतील दुसरा बोगदा नकाशावर दाखविला. तो १९२५ सालचा. १९५५ सालीं त्यांतील गाड्या बंद झाल्या आणि पुढें एका उंच हॉटेलाच्या पायानें तो मध्येंच तोडला. आतां तेथून कोणास जाववणार नाहीं.

मग पेन्सिल ठेवून तो म्हणाला, “बाबा, आज मी तासाभरांत आलों. उद्यां पुण्यास तुम्ही असे कोठें अडकलांत तर मला तासाभरांत येतां येणार नाहीं. घर विका आणि इकडेच या.”

आम्ही उत्तर दिलें नाहीं. मंडळी ताटें उचलावयास उठल्या. आमच्या घराच्या गच्चीवर दुसऱ्या मजल्यासाठीं सोडलेल्या सळ्या आहेत. त्या सोडल्या तेव्हां चिरंजीव मराठी चौथीत होता, आणि वरचा मजला त्याचा असें तेव्हांच ठरलें होतें. तें त्यास आठवत असावें, कारण त्यानें पुन्हां तो विषय काढला नाहीं.

परत आल्यावर पाहिलें तों सळ्यांस गंज चढला होता. गवंड्यास बोलावून विचारलें, कापून टाकाव्या काय? तो म्हणाला, कापण्यास वेळ लागत नाहीं, पण मागाहून जोडणें कठीण; रंग लावला तर आणखी कांहीं वर्षें टिकतील. मंडळी जिन्यांत उभ्या राहून ऐकत होत्या. आम्हीं गंज खरवडून काढविला व तांबडा रंग लावून घेतला.