पाठीला किती, मनाला किती

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आणि व्यापारी यांच्यात अधूनमधून जो वाद पेटतो, तो बरेचदा गोणीच्या वजनाचा असतो. पन्नास किलोच्या वर भरलेली गोणी पाठीवर घेणार नाही, असं टोळ्या म्हणतात. एके काळी याच पाठी क्विंटलभराची पोती वाहत होत्या. १९६७ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. ती वाचून धक्क्यावर कुणी गोणी खाली ठेवली नसेल. पण पाठीला किती पुरे, हे कुणीतरी कागदावर आणावं लागतं, एवढं मात्र खरं.

मनाला किती पुरे, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं अशी आपल्याकडे रीत आहे. त्यासाठी कीर्तनं आहेत, प्रवचनं आहेत. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा आमच्या गावच्या सप्ताहात दरवर्षी ऐकायचो. कथा सुंदरच आहे. फक्त ती तुकोबांनी सांगणं वेगळं आणि शेठजींनी हमालाला सांगणं वेगळं.

आमचे आबा समाधानी होते, ते स्वभावानेच, असं नातेवाईक म्हणतात. मला पटत नाही. आबा चांगलेच तापट होते. पाटण तालुक्यातून ते मुंबईला मशीद बंदरात हमालीला आले. गावकीच्या खोलीत वळकट्या टाकायच्या, खानावळीत जेवायचं, बायकापोरं गावाला. मिळेल ते काम, मिळेल तेव्हा पैसा. आजारी पडलं की खाडा, पाठ गेली की गावाची एसटी. मग १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यासाठी लढणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे, त्यामुळे आबा त्यांच्याबद्दल घरातल्या थोरल्या माणसासारखं बोलत.

या कायद्याची करामत साधी आहे. मालकाने मजुरी हमालाच्या हातावर टेकवायची नाही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही त्याने माथाडी बोर्डात भरायची, पगार बोर्ड देणार. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पैसा. गाळा कुणाचाही असो, शेठजींची मर्जी कशीही असो, पगाराला तारीख आली. आबांचं समाधान मला त्या तारखेत दिसतं. महिनाअखेरी घरात पिठलंच असे, पण पहिल्या आठवड्यात मटण येणार हे सगळ्यांना ठाऊक असे. आईला दुकानदाराच्या वहीत उधारी मांडताना मान खाली घालावी लागत नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला आणि काही वर्षांनी आम्हीही गावाहून इकडे आलो. पुढे कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत घर मिळालं. माझ्या वयाची माणसं लिहितात, लहानपणी आम्ही थोडक्यात सुखी होतो. मी नव्हतो. मला सायकल हवी होती आणि ती मिळाली नाही, हे मला आजही लख्ख आठवतं. समाधान मोठ्यांचं होतं. मुलं त्यात नुसती राहत होती, आणि तेही काही कमी नव्हतं.

१९३० मध्ये केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने भाकीत केलं होतं, की शंभर वर्षांत माणसाच्या मूळ गरजा भागतील आणि आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. मात्र शेजाऱ्यापेक्षा वर दिसण्याची भूक कदाचित कधीच भागणार नाही, हेही त्याने तिथेच नोंदवलं होतं. २०३० दाराशी आलं आहे. वसाहतीत बैठ्या घरांवर मजले चढले, भाडेकरू आले. आबांना निवृत्तीचे पैसे मिळाले, तेव्हा त्यांनी गावच्या घराला स्लॅब टाकला, बहिणीचं लग्न केलं, उरलेले पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले. इथल्या घरावर एकच मजला चढवला. दुसरा का नाही, म्हणून मी फार मागे लागलो होतो. "चढणार कोण? तू का माझे गुडघे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी निवृत्तीला टेकलो आहे. सरकारी नोकरी, तीही जुनी. त्यामुळे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन ठरलेलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला, म्हणून नव्या पेन्शन योजनेत. त्याने संगणकावर एक तक्ता केला आहे: साठाव्या वर्षी किती कोटी हवेत. दर सहा महिन्यांनी त्याचा आकडा वाढतो. ऑफिसात त्याला हावरट म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाजार कुठे जाईल, आपण किती वर्षं जगू, या दोन्ही गोष्टी ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहेत, त्याने "बस्स" म्हणायचं तरी कुठे? मी शांत आहे याचं श्रेय स्वभावाला देणं मला शोभणार नाही. तो आणि मी डबा एकत्र खातो, चहाही टपरीवर एकाच दराने पितो.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यात संप झाला. मला त्यातून नवं काही मिळणार नव्हतं, तरी गेलो; आबांच्या घरात वाढून घरी बसणं जमलं नसतं. आठवडाभराने आश्वासनावर संप मिटला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा कामावर आला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: आईवडिलांची औषधं.