पाच तारखेचं पदक

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी कुलुपं, पाने आणि गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगात तळहातावर मावेल एवढी काळपट चकती दिसली. विकणारा म्हणाला, "काका, लोखंडच आहे, पण जुनं आहे. दीडशे द्या." मी घासाघीस केली नाही. एका बाजूला बुडणारं जहाज, दुसऱ्या बाजूला खिडकीत बसून प्रवाशांना तिकिटं देणारा सांगाडा. हे ल्युसिटानियाचं पदक, हे पाहताक्षणी कळलं होतं.

ल्युसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं. सुमारे बाराशे माणसं गेली. म्युनिकच्या कार्ल गोट्झ या पदककाराने त्यावर पदक केलं, तेही स्वतःहून. सरकारने त्याला सांगितलं नव्हतं. त्याचा राग जहाजाच्या मालक कंपनीवर होता. धंद्यापायी तिने प्रवाशांच्या जोडीने दारूगोळाही चढवला, असं त्याला म्हणायचं होतं. म्हणून त्याने डेकवर तोफा आणि विमान दाखवलं. तोफा नव्हत्या, विमानही नव्हतं. पण रायफलींची लाखो काडतुसं जहाजावर खरोखरच होती. आणि तारीख घातली ५ मे. दोन दिवस आधीची.

वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे चूक झाली, असं गोट्झने पुढे सांगितलं आणि नंतरच्या पदकांवर तारीख दुरुस्तही केली. तोवर एक पदक इंग्रजांच्या हाती लागलं होतं. जहाज बुडण्याआधीच जर्मनांनी पदक तयार ठेवलं होतं, याचा पुरावा म्हणून त्यांनी ती चुकलेली तारीख जगापुढे धरली. लंडनचे दुकानदार गॉर्डन सेल्फ्रिज यांनी पुढाकार घेऊन त्या पदकाच्या अडीच ते तीन लाख लोखंडी प्रती काढल्या. डबीत घालून एक शिलिंगाला विकल्या, मिळालेले पैसे आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी आणि रेडक्रॉससाठी दिले. गोट्झची मूळ पदकं काही शेच होती.

घरी येऊन भिंग लावलं. जर्मन 'मे'चं शेवटचं अक्षर आय असतं. माझ्या चकतीवर वाय होतं. म्हणजे ही लंडनची. त्या संध्याकाळी मी हिरमुसलो होतो, हे खरं. पण ती रोज टेबलावर समोर राहिली आणि हळूहळू मला मूळ पदकापेक्षाही मोलाची वाटू लागली. एका माणसाची चूक आणि दुसऱ्या देशाने तिचा करून घेतलेला वापर, दोन्ही त्या लोखंडात एकत्र ओतलेले आहेत. तेव्हापासून माझ्या संग्रहाची दिशाच बदलली. घडलेलं एक आणि धातूवर उमटलेलं दुसरं, अशी पदकं मी शोधू लागलो.

नाण्याला बाजारात चालावं लागतं, म्हणून त्याच्या वजनावर आणि कसावर कुणाची तरी नजर असते. स्मृतिपदकावर ती नसते. १४३८च्या सुमारास इटलीत पिसानेल्लोने बायझंटाइन सम्राटाचं पदक ओतलं. या कलेची सुरुवात तिथून धरतात. तेव्हापासून पदक करवून घेणाऱ्याला जे आठवणीत राहावंसं वाटतं, तेच त्यावर येत आलं आहे.

ते वाचायचं तर आधी हाताला वळण लागतं. पदक कडेने धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. ओतीव आहे की साच्याने ठोकलेलं, हे आधी ठरवायचं: ओतीव पदकावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. मूळ पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मुळाहून किंचित लहान भरते, कारण धातू निवताना आकसतो. म्हणून कॅलिपर आणि तराजू हाताशी हवेतच. मऊ प्लास्टिकची पाकिटं वापरू नयेत, त्यांनी हिरवट चिकट थर धरतो. आणि घासू नये. सुरुवातीच्या दिवसांत कांस्याचं एक पदक मी समईसारखं चिंच-मिठाने लख्ख केलं. शंभर वर्षांत चढलेला तपकिरी रंग पाच मिनिटांत गेला. ते पदक अजून ठेवलं आहे, पण पाहवत नाही.

घडलेलं एक आणि उमटलेलं दुसरं, याचं टोक नेपोलियनने गाठलं: त्याने न मिळालेल्या विजयाचं पदक करवून घेतलं. इंग्लंडवर उतरल्याचं ते पदक. खाली 'लंडनमध्ये पाडले, १८०४' असा मजकूर. फौज कधी इंग्लिश खाडी ओलांडून गेलीच नाही. ठसे पॅरिसमध्ये तयार झाले होते. अस्सल प्रती फार दुर्मीळ, मला ते चित्रातच भेटलं आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचं १७८४चं दख्खन पदकही मी चित्रातच पाहिलं. शस्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया, किल्ल्याच्या दिशेने पुढे केलेला तिचा हार, मागे फारसी मजकूर. काटेकोर बोलायचं तर हे लष्करी पदक, स्मृतिपदक नव्हे. पण पुणेकराला त्यावरून पुढे जाता येत नाही. पश्चिम हिंदुस्थानात मराठ्यांशी लढलेल्या बंगालच्या शिपायांना ते मिळालं, आणि त्याच युद्धात, जानेवारी १७७९मध्ये, वडगावला इंग्रज फौजेला मराठ्यांपुढे मान तुकवून तह करावा लागला होता. लोणावळ्याच्या लोकलमधून वडगाव स्टेशन गेलं की ते मला दर वेळी आठवतं. आपल्याकडे पदकं पाडायची चाल नव्हती. वस्त्रं, शिरपेच, कडी-तोडे देत. वस्त्रं विरली, सोनं वितळलं. मागे राहिलं ते हरलेल्या तहाबद्दल अवाक्षर न काढणारं पदक. याची मला खरोखर रुखरुख वाटते.

सगळ्यात जास्त वेळा मी हाती घेतो ते मात्र ॲडमिरल व्हर्ननचं पदक. १७३९मध्ये व्हर्ननने सहा जहाजांनिशी पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्तोबेलो हे स्पॅनिश बंदर घेतलं आणि इंग्लंडभर त्याची स्वस्त पितळी पदकं निघाली, शेकडो प्रकारची. मग १७४१मध्ये प्रचंड आरमार घेऊन तो कार्ताहेना या स्पॅनिश शहरावर गेला. बंदराच्या तोंडावरचा किल्ला पडताच विजयाची बातमी लंडनला धाडली गेली आणि कारागिरांनी धीर न धरता विजयाची पदकं काढली. शहर पडलंच नाही. पीतज्वराने हजारो माणसं गेली, आरमार परत फिरलं.

त्या पदकांवर स्पॅनिश आरमारप्रमुख ब्लास दे लेसो गुडघे टेकून व्हर्ननला तलवार देताना दाखवला आहे. या लेसोचा डावा पाय तरुणपणीच लढाईत गेला होता, एक डोळा गेला होता, उजवा हात निकामी झाला होता. ठसा कोरणाऱ्याने त्याला कधी पाहिलेलंच नसणार.

माझ्या पदकाची कड झिजली आहे, अक्षरं अर्धीच लागतात, लेसोचा चेहरा जवळजवळ पुसला गेला आहे. भिंग खाली सरकवलं की पाय मात्र नीट दिसतात. दोन्ही.