समोरची खिडकी

नवतप्यातली दुपार होती, अकोल्यात पारा ४५ वर. काकूंचा फोन आला, "भाऊ, कूलर सुरू हाये, पण थंड नाही लागून राहिलं." गेलो. पंखा जोरात फिरत होता, पंप पाणी चढवत होता, ताट्याही भिजलेल्या होत्या. तरी खोलीत कोंदट, गादीला हात लावला तर दमट. दार लावलेलं, खिडक्या कडेकोट बंद. कूलरच्या समोरची खिडकी उघडायला गेलो तशा काकू म्हणाल्या, "कायले उघडता? उन्हाची झळ येईन ना आतमंदी!"

ही समजूत मोडून काढणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. पंप अर्ध्या तासात बदलून होतो.

एसीला बंद खोली लागते, कारण तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो आणि तिच्यातली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. कूलरची रीत वेगळी. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढतो. पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेतं, माठाचंच शास्त्र. १ लिटर पाणी उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तासाला ५ लिटर पाणी उडालं, की जवळपास एका टनाच्या एसीएवढं काम झालं. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या ताटीतून २८ च्या आसपासची हवा मिळते. पण ही हवा ओल घेऊन येते. खोलीची ऊब उचलून तिला पुढे निघून जायचं असतं. वाटच नसेल तर ती कोंडते, नव्या हवेला जागा उरत नाही आणि पंखा नुसता गरगरतो.

खरी कारागिरी ताटीत. होळी झाली की आमच्याकडे लाकडाच्या किसाच्या (वुडवूलच्या) गठ्ठ्यांचा ढीग लागतो. दुकानाला ओल्या लाकडाचा वास येतो, तो मला अजून आवडतो. कीस मुठीमुठीने मोकळा करून जाळीत भरायचा. दाबून भरला तर हवा अडते. विरळ भरला तर पाणी एका बाजूने वाहून जातं आणि मध्ये कोरडा पट्टा राहतो. तो पट्टा डोळ्यांना दिसत नाही. पंखा बसवण्याआधी पाणी सोडतो, ताटीच्या आतून बोटं फिरवतो. कोरडा भाग लागला की तिथला कीस उपसून पुन्हा भरतो. पंचवीस उन्हाळे हेच केलंय, पण बोटं फिरवल्याशिवाय ताटी कुणाला दिलेली नाही.

आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी क्षाराचं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. महिन्याभरात ताटीवर पाणी सोडणाऱ्या पन्हळीची भोकं पांढरी होऊन बुजतात, आणि लोक पंपाला दोष देतात. गोधडीची सुई घेऊन एकेक भोक मोकळं करा, टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण बदला, एवढंच सांगतो.

आणखी एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पत्र्याचा कूलर, आत पाणी, ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे मी कूलर जोडून देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

मृग लागून हवेत ओल आली की कूलरची ताकद संपते. आधीच भिजलेल्या हवेत पाणी उडणार कसं? मुंबईच्या दमट उकाड्यात त्याचं फारसं चालत नाही ते यामुळेच. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र, थोड्या विजेवर अख्खं घर गार ठेवणारं याच्यासारखं साधन मला दुसरं ठाऊक नाही.

काकूंना मी देवघरातली उदबत्ती मागितली. समोरची खिडकी वीतभर उघडली आणि उदबत्ती फटीपाशी धरली. धूर क्षणभर घुटमळला, मग सरळ रेघ होऊन बाहेरच्या उन्हात गेला. काकूंनी माझ्या हातून उदबत्ती घेतली, स्वतः धरून पाहिली. मग पलंग ओढून कूलर आणि त्या खिडकीच्या मधोमध आणला.