घर नव्हे, माणूस ऊबदार

सेम्बावांगमध्ये बसून थंडीवर लिहायचं म्हणजे तुम्हांला हसूच येणार. इथे बारा महिने पंखा चालू. डिसेंबरात पावसाची झड लागली आणि पारा 24 वर आला की कपाटातली जॅकेटं बाहेर येतात. पण माझी आई निफाडला एकटी राहते आणि तिथली थंडी तुम्हांला ठाऊक आहे. पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली जातो.

आमच्या शेजारची जपानी मैत्रीण नागानोची, म्हणजे बर्फातली. तिच्याकडून कळलं ते असं, की होक्काइदोसारखा भाग सोडला तर तिकडे सगळं घर गरम करण्याची पद्धत फारशी नाही. माणसापुरती ऊब करायची. बुटकं टेबल, त्यावर गोधडीसारखं जाड पांघरूण, आत छोटा हीटर. पूर्वी कोळसे असत. हे ‘कोटात्सू’. घरातले सगळे त्यात पाय घालून संत्री सोलत बसतात. पाठ गारच राहते, म्हणून अंगात कापूस भरलेला डगला. अंथरुणात गरम पाण्याचा ‘युतान्पो’, आणि खिशात ‘काइरो’ नावाची पुडी. तिच्यात लोखंडाची पूड, मीठ, पाणी, कोळशाची भुकटी. वेष्टन फोडलं की हवा लागून लोखंड गंजू लागतं आणि त्यातून उष्णता निघते. मी मराठी शिकवायचे, पण आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना ही पुडी फार आवडली असती!

खरी ऊब मात्र आंघोळीची. आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं, मग गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसायचं. तेच पाणी घरातल्या सगळ्यांना. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी त्यात युझूची पिवळी फळं सोडतात. आपल्या उटण्याची चुलत बहीणच म्हणा ना! इथल्या गरम झऱ्यावर, जिथे पाणी 70 अंशांचं निघतं आणि लोक अंडी उकडतात, तिथे युद्धकाळात जपानी सैन्याने स्नानगृहं बांधली होती. मैत्रीण आजही भर उकाड्यात तिथे पाय शेकायला जाते.

तिनेच मला सावध केलं. जपानमध्ये हिवाळ्यात कितीतरी वृद्ध न्हाणीघरातच दगावतात. गार खोलीत कपडे उतरवले की रक्तदाब चढतो, कढत पाण्यात शिरलं की झपकन उतरतो. म्हणून पाणी 41 अंशांपर्यंतच आणि 10 मिनिटांत बाहेर, असं तिथलं सरकार सांगतं.

आईला रक्तदाबाची गोळी आहे. न्हाणी परसात, दार पत्र्याचं, आंघोळ पहाटे 5 ला. फोनवर म्हटलं, “ऊन आल्यावर कर ना.” ती म्हणाली, “एरवी करीन. नरकचतुर्दशीला नाही.” शेवटी तडजोड झाली. कढत पाण्याची बादली आत उघडी ठेवून दार लावायचं, वाफ होऊ द्यायची, मग कपडे काढायचे. बंब बाहेरच राहील, धूर कोंडायला नको. भाऊ दिवाळीला जातोय, त्याच्याकडे काइरोच्या 20 पुड्या दिल्या आहेत. त्या थेट कातडीला लावायच्या नाहीत, स्वेटरवरून, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलंय.