राजा गेला

राजा गेला. पोटशुळानं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर यायला वाटच नसते. डॉक्टर रात्रभर तबेल्यात होते, पण उपयोग झाला नाही.

पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त होऊन तो आमच्या घोडेस्वारीच्या शाळेत शिकवायला आला. हो, शिकवायलाच! धावण्यासाठी पैदास झालेला थरोब्रेड, पण नवशिकं पोर पाठीवर असलं की जपून पावलं टाकायचा. रिकिबीतून पाय निसटला की आपणहून थांबायचा. पन्नाशीत शिकायला आलेल्या मलाही त्यानं तसंच सांभाळलं.

तंग आवळताना मात्र पोट फुगवायचा, लबाड! मग चार पावलं फिरवून तंग पुन्हा आवळावा लागायचा.

“दुसरा येईल, ताई,” मोतद्दार खरारा झटकत म्हणाले. येईलच. शाळा चालायला हवी. मी मात्र इतक्यात तिकडे जाणार नाही.